बायोडेटात आपला हुन्नर लिहा

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत मागावरचे काम आजवर ओळखीवर मिळत आले. मुकादमाने शब्द टाकला की झाले. परंतु रेपियर, एअरजेट बसविलेला कारखानदार आता कागदही पाहतो. आपली मुले मात्र 'दहावी पास, मेहनती' एवढेच लिहून देतात. त्यावरून मालकाला काय कळणार?

काम नेमके लिहावे: एकावेळी किती माग सांभाळले, डॉबी की जॅकार्ड, सूती की पॉलिएस्टर, बीम चढविता येते का, दुरुस्ती किती येते, वर्षे किती झाली. एक पान पुरे. नावाचे स्पेलिंग शाळेचा दाखला, आधार व बँकेत एकच ठेवावे. उर्दूतून इंग्रजीत येताना एकाच नावाची तीन रूपे होतात आणि पुढे पी.एफ. अडकतो.

शाळा अर्धवट सुटलेल्यांनी निराश होऊ नये. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, अंगी असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद करण्यात आली. जवळच्या आय.टी.आय.त चौकशी करावी.

कारखानदार बंधूंनाही विनंती आहे. काम सोडणाऱ्या कारागिराला लेटरहेडवर अनुभवाचा दाखला द्यावा. दोन ओळी आपल्याला जड नाहीत. त्याला पुढच्या दारात त्याच उपयोगी पडतात.