पाऊणशे वर्षांचा उपसा

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात सोनं नाही, लोखंडही नाही. आहे तो काळा बसाल्ट, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. इथे खाण म्हणजे दगडाची खाण: सुरुंग, क्रशर, खडी आणि घाटात धूळ उडवत जाणारे डंपर. आपल्याकडे सोनं सापडतं ते या बसाल्टहून कितीतरी जुन्या खडकांत. कोकणातून दक्षिणेकडे जाताना सिंधुदुर्गात बसाल्टचा पसारा संपत येतो आणि पुढे हे जुने खडक उघडे पडतात. कर्नाटकात त्यांच्यातून कोलार आणि हट्टीचं सोनं निघालं, गोव्यात लोखंड.

सोन्याची खाण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोलार येतं. तीन किलोमीटरहून खोल गेलेली विवरं, पिंजऱ्यातून खाली उतरणारे कामगार. ते कोलार 2001 साली बंद पडलं. मागे राहिले सायनाइडने धुतलेल्या चुऱ्याचे डोंगर. आता जगातलं बरंचसं सोनं उघड्या खाणीतून येतं. अख्खा डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरवत नेतात, कारण टनामागे ग्रॅम-दोन ग्रॅम सोनं असलं तरी धंदा परवडतो. टनाला एक ग्रॅम धरलं, तर तोळाभर सोन्यासाठी बारा टन खडक दळावा लागतो; वरची फेकून दिलेली माती वेगळीच. दळलेला खडक सायनाइडच्या पाण्यात भिजवायचा आणि ते पाणी बांध घालून साठवायचं. 30 जानेवारी 2000 रोजी रुमानियात बाया मारे इथे असा एक बांध फुटला. सुमारे एक लाख घनमीटर विषारी पाणी तिसा नदीतून डॅन्यूबपर्यंत गेलं आणि वाटेतले मासे मेले.

मराठी मुलखाला उघड्या खाणीचा एक दीर्घ अनुभव मात्र लोखंडाचा आहे, आणि तो गोव्याचा. तिथे सायनाइड नव्हतं, तरीही जे व्हायचं ते झालं. आमच्यासारख्या तहानलेल्या तालुक्यातल्या माणसाने ही हकिकत टनांच्या आकड्यांपेक्षा पाण्याच्या बाजूने वाचावी.

पोर्तुगीज सरकारने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून खाणींच्या सवलती वाटल्या. मुदत नाही, जवळजवळ कायमच्याच. खरी निर्यात 1947 नंतर सुरू झाली. युद्धानंतर उभ्या राहणाऱ्या जपानला खनिज हवं होतं. सुरुवातीला पहारी, घमेली आणि डोक्यावरच्या टोपल्या होत्या. मग यंत्रं आली. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतून ट्रक नदीकाठी जायचे, तिथून मांडवी आणि जुवारीतून बार्ज मुरगाव बंदराला. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, पण सवलती त्याच हातांत राहिल्या. त्या रद्द करून त्यांना भारतीय कायद्याखालचे खाणपट्टे ठरवायला 1987 उजाडलं. मधल्या सव्वीस वर्षांत घराणी उभी राहिली, वृत्तपत्रं, फुटबॉल क्लब आणि शाळा उभ्या राहिल्या. गोव्यातल्या मध्यमवर्गाचा बराच भाग या मातीवर पोसला गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता पाणी. गोव्यातलं बरंचसं खनिज कठीण दगडासारखं नसतं, भुगा असतो. पावसाचं पाणी जमिनीखाली साठतं ते याच भुसभुशीत थरांत. म्हणजे जे खणून जहाजात भरायचं, तीच गावाची पाण्याची टाकी. खंदक भूजलपातळीच्या खाली गेला की तळाला पाणी लागतं आणि पंप लावून ते रात्रंदिवस उपसावं लागतं. डिचोली तालुक्यातल्या शिरगावात, लईराईच्या जत्रेसाठी सगळा गोवा जिथे लोटतो तिथे, खंदक समुद्रसपाटीच्याही खाली गेले आणि गावच्या विहिरी आटल्या. लोक उच्च न्यायालयात गेले. झरे आटले की कुळागरं, म्हणजे बागायती, सुकतात, कारण सुपारी आणि मिरवेल झऱ्याच्याच पाण्यावर जगतात. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतर पाण्याच्या जोरावर घेतलं जाणारं भाताचं दुसरं पीक, खाणपट्ट्यातल्या कित्येक गावांतून गेलं.

पावसाळ्यात याच्या उलट. एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. तिचे डंप गावांच्या डोक्यावर रचलेले. जूनच्या पहिल्या सरींबरोबर ती लाल माती ओढ्यातून शेतात उतरते आणि तिचा थर बसला की भात धड रुजत नाही. उन्हाळ्यात पाणी नाही आणि पावसाळ्यात नको ते पाणी, अशी पिसुर्ले-पाळीकडच्या शेतकऱ्यांची दुहेरी अडचण. भरपाईची रक्कम अधूनमधून मिळायची. शेत पडीक का पडलं, याची नोंद कुठे व्हायची नाही.

2003 नंतर चीनने जगातलं लोखंड ओढायला सुरुवात केली आणि सगळंच बिनसलं. पूर्वी टाकाऊ म्हणून फेकलेलं हलक्या प्रतीचं खनिजही चीन घेऊ लागला. जुने डंपच पुन्हा उकरून विकले जाऊ लागले. 2010-11 मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेलं. कर्ज काढून ट्रक घेणाऱ्यांची रांग लागली. कुडचडे-सांवर्ड्याच्या रस्त्यावर ट्रकला ट्रक चिकटून चालायचे. रस्त्याकडेच्या घरांची दारं-खिडक्या दिवसभर बंद असायची. माझ्या मते गोव्याचा खरा बिघाड या सात-आठ वर्षांतला. आधीची साठ वर्षं हळू खाणारी होती, ही वर्षं घाईने गिळणारी.

नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्राने बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती शहा आयोग नेमला. त्याचा अहवाल सप्टेंबर 2012 मध्ये संसदेपुढे आला. त्यात बेकायदा खाणकामामुळे झालेल्या नुकसानीचा अंदाज सुमारे 35 हजार कोटी रुपयांचा होता. राज्य सरकारने त्याच महिन्यात खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये, गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल 2014 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की सगळ्या पट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती. म्हणजे तेजीतली पाच वर्षं खाणी पट्ट्याशिवाय चालल्या होत्या. त्याच निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. सरकारने 88 पट्ट्यांचं पुन्हा नूतनीकरण केलं. फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने तेही रद्द केलं आणि मार्चमध्ये खाणी दुसऱ्यांदा थांबल्या. मग पणजीच्या आझाद मैदानावर ‘खाण अवलंबितां’चे मोर्चे निघाले. ट्रकवाल्याच्या घरातला हप्ता खोटा नव्हता. मात्र शेत गेलेल्या माणसाला कुणी कधी ‘पाणी अवलंबित’ म्हटलं नाही.

2022 च्या अखेरीस पहिले लिलाव झाले आणि 2024 मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात पुन्हा खणायला सुरुवात झाली. दरम्यान बंद खंदकांत पावसाचं पाणी भरलं होतं, आणि टंचाईच्या उन्हाळ्यात सरकार तेच उपसून नदीत सोडून नळयोजनांपर्यंत नेत होतं. विहिरी आटवणारे खड्डे आता साठवण म्हणून मोजले जाऊ लागले.

महाराष्ट्राच्या हद्दीत दोडामार्गचं कळणे हे गोव्याच्या याच खडकाचं टोक. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने 2011 मध्ये सिंधुदुर्गाच्या संवेदनशील क्षेत्रांत खाणींना नव्या पर्यावरण मंजुऱ्या देऊ नयेत असं सुचवलं होतं. जुलै 2021 मध्ये कळण्याच्या खाणीत साचलेल्या पाण्याने बांध फोडला आणि लाल चिखल गावात, बागायतीत शिरला.

जव्हार-मोखाड्याला वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि फेब्रुवारी-मार्चपासून टँकर सुरू होतात. आमच्या बसाल्टमध्ये पाणी साठतं ते फटींत आणि वरच्या मुरमाच्या थरात, तेवढंच. बाकीचं बरंचसं वैतरणेला जातं, आणि वैतरणेवर मुंबईसाठी 1957 मध्ये मोडकसागर झाला, 2014 मध्ये मोखाड्यात मध्य वैतरणा. दगड-मुरमाची मागणी आता वाढतच जाणार: महामार्ग, रेल्वे, वाढवणचं बंदर, सगळं याच जिल्ह्यात. टेकडी कापली की तिचा मुरूम जातो, आणि मुरमाखालचा झराही.

एक फरक आमच्या बाजूचा आहे. गोव्याच्या केप्यातल्या कावरे गावच्या आदिवासींनी खाणींविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, पण गोव्यात राज्यघटनेची आदिवासी भागांसाठीची पाचवी अनुसूची लागू नाही. जव्हार आणि मोखाडा अनुसूचित क्षेत्रात आहेत. 1996 च्या पेसा कायद्याप्रमाणे दगड, मुरूम, वाळू अशा गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस घ्यावीच लागते. ती शिफारस घेताना किती पाड्यांना सभेची वेळ कळते, हा प्रश्न ज्याने ग्रामसभा पाहिली आहे त्याला विचारावा. शिवाय कायद्यातली मेख अशी की ही अट गौण खनिजापुरतीच आहे. सोनं, लोखंड, बॉक्साइट ही प्रमुख खनिजं तिच्याबाहेर राहिली. म्हणजे पट्टा देण्याआधी मुरमासाठी गावाला विचारायचं, लोखंडासाठी नाही.

गडचिरोलीतलं सुरजागडही अनुसूचित क्षेत्रच. एटापल्ली तालुक्यातल्या त्या डोंगरावर 348 हेक्टरांचा लोखंडाचा पट्टा 2007 मध्ये दिला गेला आणि 2021 पासून तिथे जोरात खणणं सुरू झालं. उत्पादन वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यासाठी ऑक्टोबर 2022 मध्ये पर्यावरणाची जनसुनावणी झाली. ती एटापल्लीत झाली नाही. शंभराहून अधिक किलोमीटर लांब, गडचिरोली शहरात झाली.