शेपटीचं टिंब

शाळेत रजेची चिठ्ठी द्यायची वेळ आली, की घरात हाक आईलाच येते. मुलाला ताप असतो, त्याचे वडील कामावर गेलेले असतात, आणि शाळा इंग्रजी माध्यमाची म्हणून चिठ्ठीही इंग्रजीतच हवी असते. जालन्यात काय, अंबड-परतुरात काय, घरोघरी हेच. आपल्यातल्या पुष्कळजणींनी मराठी शाळेत पाचवीला एबीसीडी गिरवली. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्यामुळे शब्द आठवतात, क्रियापदही कसंबसं जुळतं; पण स्वल्पविरामापाशी पेन अडतं. मग वाक्य मनातल्या मनात म्हणायचं आणि जिथे दम लागेल तिथे शेपटीचं टिंब देऊन मोकळं व्हायचं!

मराठीत हे खपून जातं. का खपतं, ते आधी पाहू.

'आजी, खाऊ या' असं लिहा, नाहीतर स्वल्पविराम गाळून 'आजी खाऊ या' असं लिहा. कुणीही समजतं, की आजीला जेवायला हाक मारली आहे. आजीलाच खायचं असतं तर 'आजीला' म्हणावं लागलं असतं. तो 'ला' आपली राखण करतो. ने, ला, चा, ची, हे प्रत्यय शब्दाला चिकटलेले असले म्हणजे कोण कुणाला काय करतंय यात घोटाळा होत नाही. इंग्रजीत असा 'ला' नाही. तिथे शब्द कुठे बसला यावर सगळं चालतं, आणि जागेनं भागलं नाही की स्वल्पविराम धावून येतो. 'लेट्स ईट, आजी' म्हणजे चला आजी, जेवू या. मधलं टिंब पुसलं, तर 'लेट्स ईट आजी'. म्हणजे बिचाऱ्या आजीचाच फडशा!

मुळात हे टिंब आपल्या घरचं नव्हेच. जुनी मोडी कागदपत्रं पाहिलीत तर आधी आडवी रेघ ओढलेली, आणि तिच्याखाली अक्षरं एकामागून एक. दोन शब्दांत जागासुद्धा सोडलेली नसते, मग विरामचिन्हं कुठली? वाचणाऱ्यानं आपल्या अकलेनं तोडून वाचायचं. (नारायणराव पेशव्यांच्या १७७३ च्या वधाशी जोडलेली 'ध चा मा' ही आख्यायिका एका अक्षराची, पण वाचणाऱ्याच्या हाती किती सत्ता असते ते तिच्यातून दिसतं.) छापील मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी या इंग्रज साहेबाला देतात. मोल्सवर्थच्या शब्दकोशाच्या कामातले हेच ते कँडी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांनी या चिन्हांवर मराठीत पुस्तिकाही लिहिली. आणि आपल्या मराठवाड्यात तर आणखी गंमत. सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामी अंमल होता, आणि वरचं शिक्षण उर्दूतून. त्या पिढीनं गिरवलेला स्वल्पविराम उलटा, शेपटी वर केलेला. आणि पूर्णविराम म्हणजे छोटीशी आडवी रेघ. तेव्हा हे चिन्ह नीट जमत नाही म्हणून कुणी ओशाळून जायचं कारण नाही.

आता चिठ्ठीकडे वळू. इतकी लिहिली तरी पुरे:

'रिस्पेक्टेड मॅडम, माय सन इज इल. ही हॅज फीवर, सो ही कॅनॉट कम टू स्कूल टुडे. प्लीज ग्रँट हिम लीव्ह. युवर्स फेथफुली,' आणि खाली सही.

यात स्वल्पविराम तीनच आहेत. 'मॅडम'नंतरचा आणि 'फेथफुली'नंतरचा हे रिवाजाचे. 'युवर्स' आणि 'फेथफुली' यांच्यामध्ये मात्र तो घालू नये. पुष्कळ अर्जांत तो तिथे उगाच बसलेला असतो. तिसरा 'सो'च्या आधीचा, आणि खरी गोम तिथेच आहे. मराठीत आपण सहज लिहितो, 'ताप आलाय, शाळेत येणार नाही.' दोन पुरी वाक्यं, मध्ये नुसता स्वल्पविराम, आणि कुणाचं काही अडत नाही. इंग्रजीत दोन पुरी वाक्यं सांधायला तो एकटा पुरत नाही. एक तर पूर्णविराम द्या, नाहीतर सोबत 'सो', 'बट', 'अँड' असा एखादा शब्द द्या. मुलांच्या निबंधाच्या वहीत बाईंची लाल शाई फार वेळा इथेच पडते. वही तपासायला बसाल तेव्हा आधी हेच पाहा.

दुसरी सवय 'की'ची. 'आपणांस विनंती की,' असं लिहिण्यात आपली हयात गेली. तोच स्वल्पविराम इंग्रजीत 'दॅट'च्या मागे जाऊन बसतो: 'आय रिक्वेस्ट दॅट, …' भल्याभल्या कचेऱ्यांच्या पत्रांतही हा दिसेल. तो नको. 'दॅट'नंतर थांबायचं नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं, ते. चिठ्ठीत मुलाचं नाव घालायचं झालं तर? 'माय सन अमित इज इल' असं सरळ लिहिलं तर मुलगे कितीही असोत, त्यातला अमित आजारी आहे एवढंच कळतं. 'माय सन, अमित, इज इल' असं दोन स्वल्पविरामांत नाव ठेवलं, की कसोशीनं वाचणारा समजतो, यांना मुलगा एकच, नाव फक्त जाता जाता सांगितलं. रजेच्या चिठ्ठीत याचं कुणाला काही नाही. पण हेच मृत्युपत्रात आलं तर?

'माय डॉटर्स हू आर मॅरिड शॅल गेट द हाउस' याचा अर्थ, मुलींपैकी ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांनाच घर. 'माय डॉटर्स, हू आर मॅरिड, शॅल गेट द हाउस' याचा अर्थ, माझ्या सगळ्या मुलींना घर. त्यांची लग्नं झालेली आहेत ही नुसती जादा माहिती. बिनलग्नाची धाकटी घरात असेल, तर त्या दोन टिंबांवर तिचं छप्पर आलं की नाही! लग्न झालेली आणि न झालेली हा भेद आपल्याला काही नवा नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलग्यांबरोबर हक्क देणारी महाराष्ट्राची १९९४ ची दुरुस्तीसुद्धा २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून होती. तो फरक २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं गेला. असल्या कागदावर सही करण्यापूर्वी 'हू' शब्दाच्या अलीकडे काय आहे ते बोट ठेवून पाहा. माझं मत विचाराल तर असलं वाक्य ठेवूच नये. वकिलांना सांगून मुलींची नावं एकेक करून घालून घ्यावीत. आणि कागद मराठीत होत असेल तर मराठीतच करावा.

एवढ्याशा टिंबानं कुणाचं काय जातं असं वाटत असेल, तर अमेरिकेतल्या मेन राज्यातला दूधवाल्यांचा खटला ऐका. कुठल्या कामांना जादा वेळेचा पगार नाही याची यादी तिथल्या कायद्यात होती. तिच्या शेवटी 'पाठवण्यासाठी बांधणे किंवा वाटप करणे' असं काहीसं होतं आणि 'किंवा'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, हे एकच काम झालं, वाटपासाठी 'बांधणे'. आम्ही बांधत नाही, नुसता माल पोचवतो, तेव्हा आमचा जादा पगार द्या. २०१७ साली अपील कोर्टानं त्यांच्या बाजूनं कौल दिला, आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. यादीत शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम द्यावा की नाही यावर इंग्रजांचं आणि अमेरिकनांचं आजही एकमत नाही. मुलाला त्याच्या बाई सांगतील तसं लिहू द्या.

आकड्यांतला स्वल्पविराम मात्र सगळ्यांच्याच कामाचा. मोंढ्यातल्या पावतीवर लाख म्हणजे १,००,०००. परदेशी असलेल्या मुलानं तिकडचा कागद पाठवला, तर त्यावर तेच १००,००० असं दिसेल, आणि १०,००,००० हे १,०००,००० असं. तिकडे दर तीन आकड्यांनी टिंब, आपल्याकडे पहिल्या तिनांनंतर दोन-दोनांनी. असा आकडा वाचताना टिंबांकडे पाहूच नका. उजवीकडून एकं, दहं, शतं म्हणत मोजत या.