कडक भाकरी सादळू नये म्हणून

जुन्या हुबळीतल्या आमच्या घरून पाहुणे निघाले की आई ज्वारीच्या कडक भाकऱ्या बांधून देते, त्याही प्लास्टिकच्या पिशवीत. मागे मी हौसेने स्टार्चची, मातीत कुजणारी पिशवी आणली. चार दिवसांत भाकऱ्या सादळल्या. आई म्हणाली, "तुझी पिशवी गुणाची खरी, पण कामाची नाही."

कारण साधं आहे. स्टार्चला पाण्याची ओढ, म्हणून हवेतली वाफ त्यातून आरपार जाते. यावर उपाय नॅनोकणांचा. मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या मातीचे पापुद्रे जेमतेम 1 नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, जाड असतात. शेकडा 3 ते 5 भाग माती नीट पसरली, तर वाफेला सरळ वाट उरत नाही. सिद्धारूढ मठ शोधत बोळाबोळांतून फिरणाऱ्या नवख्या माणसासारखी ती वळणं घेत राहते. झिंक ऑक्साइडचे कण जंतूंची वाढही रोखतात. आपल्या शेजारी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातही कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसनच्या फिल्मवर संशोधन झालं आहे.

तरी अशी पिशवी घेताना दोन प्रश्न विचारा. कण अन्नात उतरत नाहीत ना, हे तपासलंय का? आणि ती कुजते कुठे? मक्याच्या साखरेपासून होणाऱ्या पीएलएला सुमारे 60 अंशांचं कंपोस्ट लागतं. परसातल्या खड्ड्यात ते लवकर कुजत नाही.

तोवर आमच्या भाकऱ्या स्टीलच्या डब्यातून जातात. डबा परत आणायचं काम पाहुण्यांचं!