ट्रिपॅनोसोमाचे पृष्ठभागीय ग्लायकोप्रोटीन : वाणभेद आणि रोगनिदान

ट्रिपॅनोसोमा ब्रुसी हा एकपेशीय परजीवी आफ्रिकेत माणसांना निद्रारोग आणि गुरांना नगाना हा रोग जडवतो. त्याचा निकटचा आप्त ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा भारतातही घोडे, उंट व म्हशींमधील सर्रा या रोगास कारणीभूत आहे. हे परजीवी पोशिंद्याच्या रक्तातच, म्हणजे प्रतिपिंडांच्या सतत सान्निध्यात, वाढतात. त्यांच्या या चिवटपणाचे मर्म पृष्ठभागावरील शर्करायुक्त प्रथिनांत, अर्थात ग्लायकोप्रोटीनांत, आहे.

आवरणाची रचना : कीथ व्हिकरमन यांनी १९६९ मध्ये या परजीवीच्या पेशीवरील दाट आवरणाचे वर्णन केले. जॉर्ज क्रॉस यांनी १९७५ मध्ये त्यातील ग्लायकोप्रोटीन शुद्ध स्वरूपात वेगळे करून ते प्रत्येक वंशावळीत भिन्न असल्याचे दाखविले. एका पेशीवर या प्रथिनाचे सुमारे १ कोटी रेणू असतात. त्यांच्या शर्करासाखळ्या केवळ शोभेच्या नाहीत. अशा एका प्रथिनाच्या बाह्य टोकावरील ग्लुकोज प्रतिपिंडांच्या कार्यात अडथळा आणते, असे २०१८ मध्ये निदर्शनास आले.

वेषांतर : ट्रिपॅनोसोमा ब्रुसीच्या जनुकसंचात या प्रथिनांची दोन हजारांहून अधिक जनुके असून त्यांतील बहुसंख्य अपूर्ण आहेत. एका वेळी एकच जनुक व्यक्त होते. प्रतिपिंडे तयार होईपर्यंत काही पेशींनी आवरण बदललेले असते. त्याच पुढे वाढतात.

निदानातील अडचण : सर्राच्या कार्ड चाचणीत 'रोटॅट १.२' हे एकच आवरणप्रथिन प्रतिजन म्हणून वापरतात. 'अ' प्रकारच्या वाणांत त्याचे जनुक असते. केनियातील उंटांत आढळलेल्या 'ब' प्रकारच्या वाणांत मात्र ते नाही. साहजिकच अशा वाणाने बाधित उंटाची चाचणी नकारार्थी येऊ शकते.

याची दुसरी बाजू महाराष्ट्रात दिसली. चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला २००४ मध्ये ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीची बाधा झाली. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. माणसाच्या रक्तातील एपीओएल-१ हे संरक्षक प्रथिन त्याच्यात नव्हते, असे २००६ मध्ये स्पष्ट झाले. त्याच्या गावातील १,८०६ जणांची कार्ड चाचणी केली असता अनेकांची चाचणी होकारार्थी आली. परंतु त्यांच्यापैकी कोणाच्याही रक्तात परजीवी आढळला नाही.

समारोप : प्रतिपिंड-चाचणी परजीवीचा नव्हे, तर त्याच्या एका आवरणाच्या स्मृतीचा शोध घेते. होकारार्थी निष्कर्ष म्हणजे प्रत्यक्ष बाधा नव्हे आणि नकारार्थी निष्कर्ष म्हणजे रोगमुक्तीची हमीही नव्हे. म्हणूनच कोणत्याही प्रदेशात अशी चाचणी अवलंबण्यापूर्वी तेथील वाणांत संबंधित जनुक आहे की नाही हे तपासणे, तसेच सूक्ष्मदर्शक व डीएनए-आधारित परीक्षणाची जोड देणे अगत्याचे ठरते.