उडीचा हिशेब जमिनीवर

निफाड तालुक्यातल्या देवगावचा उंच उडीपटू सर्वेश कुशारे २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत २.२७ मीटर उंच उडाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर पार करून सहावा आला. तीन वर्षांची मेहनत, पदरात एक सेंटिमीटर. ‘आठ आठवड्यांत उंच उडा’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा आधी समोर ठेवावा. त्या जाहिरातींमागचा व्यायाम, म्हणजे प्लायोमेट्रिक्स, मात्र खोटा नाही; आपण त्याचा हिशेब चुकीच्या जागी मांडतो.

उडण्याआधी गुडघे लवतात, मांडी आणि टाचेमागची शीर ताणली जाते आणि तो ताण सुटतानाच शरीर वर जातं. लवून क्षणभर थांबलात, की त्यातला बराच जोर वाया जातो. सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात उंचावरून खाली येऊन तत्क्षणी वर उसळण्याचा सराव पद्धतशीर मांडला तो यासाठीच. पाय जमिनीला लागून सुटेपर्यंत जेमतेम पाव सेकंद जावा. टाच ‘थप्प’ वाजली, तर ती उडी फुकट. २००७ मध्ये गोरान मार्कोविच यांनी २६ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा लवून मारलेल्या उडीत सरासरी ८.७ टक्के वाढ दिसली, तर बसक्या स्थितीतून मारलेल्या उडीत ४.७ टक्के. चाळीस सेंटिमीटर उडणाऱ्याला ही साडेतीन सेंटिमीटरची कमाई. पण उंचावरून खाली येऊन मारलेल्या उडीतही वाढ ४.७ टक्केच होती. म्हणजे ताणाचं गणित तितकं सरळ नाही आणि नुसती उंची मोजून भागत नाही.

खरा फरक जमिनीवरच्या वागण्यात दिसतो. १९९९ च्या एका फिनिश अभ्यासात धावपटूंनी नऊ आठवडे नेहमीच्या धावण्याचा काही भाग कमी करून उड्या आणि छोट्या वेगवान धावा घेतल्या. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढली नाही, तरी पाच किलोमीटरची वेळ सुधारली. कविता राऊतसारखी दहा हजार मीटरची राष्ट्रकुल पदकविजेती देणाऱ्या नाशिकला हा निष्कर्ष उंच उडीपेक्षाही जवळचा आहे.

यावर कुणी म्हणेल, आपली पोरं लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या खेळतातच की. खेळतात, आणि तेही याच जातीचे व्यायाम आहेत. फक्त तिथे दमेपर्यंत उड्या होतात, तर प्लायोमेट्रिक्समध्ये मोजक्या, पूर्ण जोराच्या आणि मध्ये भरपूर विश्रांती घेऊन. गुडघे जातील ही भीती अधिक रास्त. पण १९९६ मध्ये ह्युएट आणि सहकाऱ्यांनी व्हॉलीबॉलपटू मुलींना नीट उतरण्यापासून सुरू होणारा सहा आठवड्यांचा उड्यांचा सराव दिला, तेव्हा उतरतानाचा आघात २२ टक्क्यांनी घटला आणि उडीही सुमारे १० टक्के वाढली. तेव्हा शाळेच्या मैदानावर उड्यांसाठी पेटी आणण्याआधी मुलांना आवाज न करता उतरायला शिकवावं. ते जमलं, की पेटीची उंची ठरवायला घाई लागत नाही.