दहा बाय दहाच्या खोलींतील ध्वनिमुद्रण

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं शाळा सुटल्यावर एक पालक आमच्याकडे आले. त्यांच्या हातांत एक कागद होता. दहावींतल्या त्यांच्या चिरंजीवानें आपणांस हव्या असलेल्या वस्तूंची यादी त्यावर मोठ्या सुवाच्य अक्षरांत लिहिली होती : मायक्रोफोन दोन, मोठे स्पीकर दोन, भिंतींस चिकटविण्याचा काळा स्पंज, नवा संगणक, आणि सर्वांत खालीं एकूण रक्कम. ती रक्कम वाचून त्या गृहस्थांना घाम फुटला होता. "सर, मुलगा गिटार बरी वाजवितो असें सगळे म्हणतात. पण घरांत स्टुडिओ काढायला आमच्याकडे घर तरी कुठें आहे ? आणि नाहीं म्हणावें तर पोरगा नीट जेवत नाहीं."

आम्हीं ती यादी वाचली, तींतील बहुतेक वस्तूंवर रेघ मारली, आणि यादींत नसलेली एक गोष्ट लिहून दिली : गोधड्या चार.

हा प्रश्न कांहीं एकाच घरचा नाहीं. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडापर्यंत ज्या ज्या घरांत गिटार आली आहे, त्या त्या घरांत आज ना उद्यां असा कागद वडिलांच्या हातीं पडावयाचाच. यास्तव विद्यार्थी व पालक या दोघांसाठींही हें लिहीत आहों. आम्ही या शास्त्रांतले पंडित नव्हे. वीस वर्षें हौसेनें गिटार वाजवितों, घाटकोपरास तिसऱ्या मजल्यावर राहतों, आणि या नादांत पैसा व वेळ दोन्हीही पुष्कळ फुकट घालविले आहेत. वाचकांचे तेवढे वांचावेत इतकाच हेतु.

आपल्या देशांत तबकडीवरील ध्वनिमुद्रणाचा आरंभ झाला तो १९०२ सालीं. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग त्या वर्षीं कलकत्त्यास आला व त्यानें गौहर जान यांचें गायन मुद्रित केलें. त्या काळीं मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्यानें एका कर्ण्यांत तोंड घालून मोठ्यानें गावें आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुईनें मेणांत रेघ कोरावी, अशी ती व्यवस्था होती. विजेवर चालणारें मुद्रण १९२५ सालापासून प्रचारांत आलें. पुढें मुंबईच्या चित्रपटांनीं मोठमोठे वाद्यवृंद उभे केले, व त्यांत गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनीं व्हायोलिन, ट्रंपेट, गिटार हातीं घेऊन मोठें काम केलें. लखनौचे व्हॅन शिप्ले यांनीं विजेच्या गिटारीवर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघर वाजत. पण त्या वाद्यवृंदाच्या दिवसांत सारे वादक एका दालनांत बसून एकाच वेळीं वाजवीत. एकाचें बोट चुकलें कीं सर्वांनीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावयाचा.

ही कला घरांत आणणारा मनुष्य गिटारवाला होता हें आमच्या मुलांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें. अमेरिकेतील लेस पॉल यानें हॉलिवुड येथें आपल्या घराच्या मोटार ठेवण्याच्या खोलींत यंत्रें मांडलीं. एक तबकडी वाजत असतां तिच्याबरोबर दुसरा भाग वाजवावा, दोन्ही मिळून नव्या तबकडीवर घ्यावे, त्यावर तिसरा, असें करीत त्यानें 'लव्हर' या गीतांत एकट्यानें गिटारीचे आठ भाग भरले. तें १९४८ सालीं प्रसिद्ध झालें. एखाद्या भागांत चूक झाली तर मागचें सारें वायां जाई. आज 'ऑडॅसिटी' नांवाची फुकट मिळणारी संगणक-प्रणाली तेंच काम करिते, आणि चूक झालेला तेवढाच तुकडा पुसतां येतो.

आतां यंत्राचा व्यवहार पाहूं. तार हलते, तिच्यामुळें गिटारीची पुढची फळी हलते, फळीमुळें हवा, आणि हवेमुळें मायक्रोफोनमधील पातळ पडदा. पडद्याच्या हालचालीची मायक्रोफोन सूक्ष्म वीज करितो. ही वीज एका लहानशा खोक्यांत जाते. त्यास इंटरफेस म्हणतात. तें खोकें तिचा जोर वाढवितें आणि तिची उंची दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजून ते आंकडे संगणकास देतें. इतक्या वेळां कां ? मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो, आणि कोणतेंही कंपन पुरतें टिपावयाचें तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळां मोजावें लागतें. प्रत्येक मोजणी १६ बिटांची असली तर उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात. २४ बिटांची असली तर पायऱ्या एक कोटि सदुसष्ट लाखांहून अधिक होतात. हल्लींच्या साध्या खोक्यांतही २४ बिटांची सोय असते, तीच निवडावी. कां, तें पुढें सांगतों.

यादींतील मोठे स्पीकर आम्हीं खोडले, कारण लहान खोलींत ते खरें सांगत नाहींत. कानांवर बसणारा एक चांगला हेडफोन पुरे. नवा संगणकही खोडला. घरांत असलेला बहुधा चालतो. मायक्रोफोन दोनांचा एक केला. शुअर कंपनीचा एस्. एम्. ५७ हा १९६५ सालापासून बाजारांत असलेला मायक्रोफोन दणकट असून गिटारीस फार उपयोगी आहे. दुसरी जात कंडेन्सर म्हणून आहे. ती अधिक बारीक ऐकते, तिला खोक्यांतून ४८ व्होल्टांची वीज पुरवावी लागते, आणि ती शेजारच्या घरांतली फोडणीही टिपते. ज्याच्या खिडकीखालून रिक्षा जातात त्यानें पहिली जात घ्यावी हें बरें.

परंतु सर्वांत महत्त्वाचें यंत्र विकत मिळत नाहीं. तें म्हणजे खोली.

आमच्या उपनगरांतील खोली बहुधा दहा फूट लांब व दहा फूट रुंद. तिच्यांत ध्वनि एका भिंतीवर आपटून परत येतो, समोरच्या भिंतीवर आपटतो, आणि ज्या स्वराची लाट त्या अंतरांत नेमकी बसते तो स्वर फुगतो. आपल्याकडील उष्ण हवेंत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३५० मीटर. दहा फूट म्हणजे तीन मीटरांहून किंचित् अधिक. हिशोब केला तर सेकंदास सुमारें ५७ कंपनांचा एक स्वर निघतो, आणि त्याच्या दुपटीचा सुमारें ११४ कंपनांचा. आतां गिटारीची पांचवी तार मोकळी छेडली तर ११० कंपनें होतात, व पहिल्या पडद्यावर दाबली तर साडेसोळा अधिक शंभर. म्हणजे खोलीचा फुगीर स्वर नेमका या दोहोंच्या मध्यें येऊन बसतो ! मुलगा म्हणतो, माझी पांचवी तार घुमते, नवी गिटार हवी. गिटार बिचारी निर्दोष असते. घुमते ती खोली. त्यांतून खोली चौरस असल्यामुळें दोन्ही बाजूंच्या भिंती एकाच स्वरावर एकमत करितात. खोली लांबट असती तर दोष निदान वांटला गेला असता.

यावर उपाय काय ? खोलीच्या अगदीं मध्यावर बसूं नये व कोपऱ्यांतही बसूं नये. भिंतीकडे तिरपें तोंड करून मधल्या जागीं बसावें. एक एक फूट सरकत वाजवून पाहावें व जेथें पांचवी तार इतरांसारखी वाटेल तेथें खडूनें खूण करावी. गोधडी दोरीवर, भिंतीपासून वीतभर सोडून, टांगावी. भिंतीस चिकटवूं नये. तीनें उंच स्वरांचा खणखणाट शोषला जातो. खालचे स्वर मात्र गोधडीस जुमानीत नाहींत, कारण त्यांच्या लाटा कित्येक फूट लांब असतात. त्यांसाठीं कापसाची जाड गादी गुंडाळून कोपऱ्यांत उभी करावी. आणि लोखंडी कपाटाकडे लक्ष द्यावें. आमच्या मुद्रणांत कित्येक महिने एक बारीक झणझण येत असे. तारा बदलल्या, वायर बदलली, लॅमिंग्टन रस्त्यावर जाऊन नव्या पिना आणल्या. अखेर ध्यानांत आलें कीं ती कपाटावर पालथ्या घातलेल्या स्टीलच्या पातेल्याची होती.

काळा स्पंज व अंड्यांचे पुठ्ठे यांविषयीं फार मोठा गैरसमज आहे. त्यांनीं खोलींतील गुंजन थोडें कमी होतें. बाहेरचा आवाज आंत येणें व आंतला बाहेर जाणें मुळींच थांबत नाहीं. त्यास वजन पाहिजे, आणि फटी बुजविल्या पाहिजेत. दाराच्या व भिंतीच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला तरी बाकीची भिंत किल्ल्याची असली तरी वीस डेसिबलांहून अधिक आवाज अडत नाहीं. म्हणून प्रथम दाराखालच्या फटींत जाड कापडाची सुरळी बसवावी. पैसे लागत नाहींत.

तरीही मुंबई ती मुंबईच. घाटकोपरास एकीकडून मध्य रेल्वेच्या गाड्या, २०१४ पासून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो, आणि वारा पश्चिमेचा असला कीं विमानतळावर उतरणारीं विमानें डोक्यावरून. आम्हीं एका वहींत आठवडाभर शांततेच्या वेळा टिपल्या. दुपारीं दोन ते चार ही वेळ आमच्या इमारतींत उत्तम निघाली : पंप बंद, मुलें शाळेंत, वडीलधारी मंडळी झोंपलेलीं. ही वही प्रत्येकानें स्वतःच्या घरीं करावी. रात्रीं दहानंतर वाजविण्याचा मोह टाळावा; निवासी भागांत रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबलांची मर्यादा २००० सालच्या नियमांनीं घातली आहे, आणि नियम नसता तरी खालच्या मजल्यावरील आजारी मनुष्य आहेच. विजेची गिटार असेल तर प्रश्नच सुटतो : तिची वायर सरळ खोक्याच्या 'वाद्य' असें लिहिलेल्या तोंडांत घालावी व हेडफोनवर ऐकावें. शेजाऱ्यास केवळ तारेची टिकटिक ऐकूं येते. मात्र तोंड चुकवूं नये. मायक्रोफोनच्या तोंडांत घातल्यास गिटारीचा आवाज मंद व निस्तेज होतो.

साध्या गिटारीसमोर मायक्रोफोन कोठें धरावा ? नवशिके तो मधल्या भोंकासमोर धरितात, कारण आवाज तेथून येतो असें दिसतें. तेथें पेटींतील हवेचा घुमारा फार असतो. बाराव्या पडद्यासमोर, आठ ते बारा इंचांवर, किंचित् भोंकाकडे कलवून धरावा. पंखा बंद करावा. घाम येईल, घाम पुसतां येतो, पंख्याचा आवाज पुसतां येत नाहीं.

आतां आमची एक चूक सांगतों. आमच्या मातोश्री जात्यावरच्या ओव्या उत्तम म्हणत. त्या नगर जिल्ह्यांतल्या. लहानपणीं पहाटे दळतांना आपल्या आईकडून शिकलेल्या ओव्या त्यांस सत्तरीनंतरही पाठ होत्या. नवें खोकें घरांत आलें तेव्हां आम्हीं त्यांस समोर बसविलें, खालीं हलकी गिटार धरिली, व आवाज स्पष्ट यावा म्हणून जोराचें बटण पुरतें फिरविलें. प्रथम त्या संकोचानें हळू गात होत्या. मग रंगल्या, गळा खुला झाला, आणि आम्हीं आनंदांत तांबड्या दिव्याकडे पाहिलेंच नाहीं. आंकड्यांच्या मोजणीस वर एक छत असतें. आवाज त्याच्यावर गेला कीं लाटेचा माथा सपाट कापला जातो, आणि कापलेला माथा पुन्हां खरा कधींच मिळत नाहीं. ज्या ज्या जागीं त्या मनापासून गायिल्या, त्या त्या जागीं मुद्रणांत नुसती करकर आहे. "पुढच्या वेळीं नीट घेऊं," असें आम्ही म्हणालों. ती पुढची वेळ आली नाहीं.

म्हणून पाटीवर लिहून ठेवण्यासारखा नियम : सर्वांत मोठ्यानें वाजवून पाहावें आणि तेव्हां कांटा छताच्या बारा डेसिबल खालीं राहील असें बटण लावावें. २४ बिटांची मोजणी घ्या म्हटलें तें याचसाठीं. इतक्या पायऱ्या असल्यावर हळू घेतलेला आवाज मागाहून वाढवितां येतो. आणि मुद्रणाची एक प्रत संगणकावर, दुसरी निराळ्या डिस्कवर ठेवावी. २४ बिटांचें, सेकंदास ४८,००० मोजणीचें एका मायक्रोफोनचें मुद्रण मिनिटास नऊ मेगाबाइटांहूनही कमी जागा घेतें, कंजूषी कशासाठीं?

पावसाळ्याविषयीं दोन शब्द. गिटारीच्या लाकडास पन्नास टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते. आषाढांत आपल्याकडे ती ऐंशींच्या वर जाते. लाकूड फुगतें, फळी वर येते, तारा बोटांपासून दूर जातात. गिटार भिंतीवर टांगूं नये. पेटींत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी. कंडेन्सर मायक्रोफोन असेल तर त्यासही अशाच पुडीसह बंद डब्यांत ठेवावें. ओला झालेला पडदा तळल्यासारखा चरचरतो.

त्या विद्यार्थ्यानें शेवटीं एक मायक्रोफोन, एक खोकें व एक हेडफोन एवढेंच घेतलें. निम्मे पैसे स्वतःच्या साठविलेल्या रकमेंतून दिले. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आपलें पहिलें मुद्रण घेऊन आला. एकट्यानें वाजविलेले गिटारीचे तीन भाग, स्वच्छ व सुरेल. दुसऱ्या कडव्याच्या अखेरीस मात्र कुकरच्या तीन शिट्ट्या. त्या काढतां येतील काय, असें त्यानें विचारलें. आम्हीं सांगितलें कीं शिट्टी काढूं गेल्यास तिच्याबरोबर तारेची झळाळीही जाईल. तें कडवें पुन्हां वाजविणेंच सोपें. त्यानें तें वाजविलें. कुकर केव्हां चढवावा हें दुपारीं आतां मातोश्री त्यालाच विचारतात, असें त्याच्या वडिलांकडून कळतें.