नाव कोणत्या कार्डात?

साखरा हे हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं गाव. सोयाबीन-हळदीच्या या पट्ट्यातली तरणी पोरं कामाला चाकण, वाळूज, पुण्याकडं जातात. तिशीतल्या अशा एखाद्याच्या किडन्या निकामी झाल्या की तो बहुतेक वेळा आई-वडिलांकडंच परततो. शहरात खोलीभाडं भरत आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जायचं कोणाच्या जोरावर? घरी आई पथ्य सांभाळते, बाप मोटारसायकलवर मागं बसवून दवाखान्यात नेतो. कागदावर मात्र हा पोरगा केव्हाच वेगळा निघालेला असतो. लग्नानंतर रेशनकार्ड विभक्त झालेलं, किंवा नाव इकडून कमी झालं आणि तिकडं चढवायचं राहून गेलं.

एरवी ही बाब कोणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात येते ती दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या टेबलासमोर, कारण मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंब कोणाचं हे रेशनकार्ड ठरवतं. २ जुलै २०१२ रोजी ही योजना राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचं नांदेड त्यात होतं, हिंगोली नव्हतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर पोचली, २०१७ मध्ये नाव बदललं. सुरुवातीला पिवळं, केशरी, अंत्योदय, अन्नपूर्णा एवढीच कार्डं चालत. पुढं शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही सातबाऱ्यावर दार उघडलं, आणि त्यात हिंगोली आलं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ती सगळ्या कार्डधारकांसाठी खुली केली आणि उपचारखर्चाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेली.

हे पाच लाख माणशी नसतात. वर्षाला अख्ख्या कुटुंबाचे मिळून असतात. पोराचा उपचार चालू असताना बापाच्या हृदयात स्टेंट टाकायची वेळ आली, तर एकाच कार्डावर दोघांचा खर्च एकाच रकमेतून जातो. म्हणून पोराचं नाव घाईघाईनं आपल्या कार्डात ओढून घेण्याआधी थोडा विचार करावा. त्याचं वेगळं, चालू कार्ड असेल तर ते तसंच राहू द्यावं. नाव कुठंच नसेल तर मात्र तहसीलचा पुरवठा विभाग गाठायला उशीर नको. लेकीच्या बाबतीत ही गफलत जास्त होते. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला मिळाल्याशिवाय सासरी चढत नाही, आणि धडधाकट असताना त्या दाखल्यामागं कोण लागतं?

दुसरी चूक होते ती कंपनीत. आजार कळला की घरून पहिला निरोप जातो: ‘सोड नोकरी, गावाकडं ये.’ मायेचाच निरोप तो, पण राजीनामा लिहिण्याआधी पगारपत्रक काढून ईएसआयची कपात दिसते का ते बघावं. २१ हजारांपर्यंत पगार असलेला, कंत्राटी असला तरी, कामगार या विम्यात येतो. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के वेतन मिळतं. कर्करोग, क्षयरोग, किडनी निकामी होणं अशा ३४ दीर्घ आजारांत पुरेशी सेवा आणि हप्ते भरलेले असतील, तर ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकतं. तिरीमिरीत दिलेल्या राजीनाम्यानं हा हक्क अडचणीत येतो. पगार २१ हजारांहून जास्त असेल तर बहुधा कंपनीचा गट विमा असतो; तोही नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेऊन आधीच्या वर्षांचा प्रतीक्षाकाळ मोजून घेता येतो का, हे कामावर असतानाच लेखी विचारावं. आई-वडिलांच्या पॉलिसीत पोराला घालू, ही आशा फोल. बहुतेक ठिकाणी अवलंबून असलेल्या मुलाची वयोमर्यादा २५ च्या आसपास संपते.

योजनेतून न मिळणारा खर्चही ध्यानात ठेवायला हवा. पॅकेजात रुग्णाचं जेवण आहे, सुटीनंतर घरी परतायचं एकवेळचं एसटी किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंसुद्धा आहे. पण सोबत बसलेल्या आईचं जेवण, बापाची बुडालेली रोजी, आठवड्याला दोन-तीन खेपांचं पेट्रोल हे सगळं घराच्याच खिशातून. हळद शिजून, वाळून बाजारात जाईपर्यंत डायलिसिस थांबत नाही. मग सोनं गहाण पडतं, किंवा बचत गटाचं कर्ज. योजनेत न बसणाऱ्या उपचारांसाठी मुख्यमंत्री सहायता निधी आहे आणि धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, दहा टक्के सवलतीत राखीव आहेत. दोन्हींसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कामी येतो. तो आधीच काढून ठेवलेला बरा. योजनेतल्या दवाखान्यानं पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करता येते. तिथं भीड बाळगायचं कारण नाही.

मी अनेक घरांत पाहिलंय, डॉक्टर बोलतात बापाशी आणि पोरगा भिंतीकडं बघत बसलेला असतो. सज्ञान रुग्णाची संमती त्याची स्वतःची. सही त्याची, तर माहितीही आधी त्यालाच मिळायला हवी, मग ती कितीही कडू असो. आई-वडिलांनी फाईल सांभाळावी, तारखा लिहाव्यात. प्रश्न त्याला विचारू द्यावेत.

किडनी रोपणाचा विषय निघाला की बहुतेक घरांत पुढं येते आई. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं आई-वडील हे जवळचे नातेवाईक आहेत, त्यामुळं परक्या दात्याइतकी चौकशी त्यांच्यामागं नाही. नातं मात्र कागदानं सिद्ध करावं लागतं. कागद अपुरे पडले तर जनुकीय चाचणी. महाराष्ट्रात सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं झालं ते १ मे २०१४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी. आज तिशीत असलेल्याच्या शाळेच्या टीसीवर ते नसण्याचीच शक्यता जास्त. त्यात आईच्या आधारवर एक नाव आणि रेशनकार्डात दुसरं असलं, तर दुरुस्तीला महिने जातात. तेव्हा डायलिसिस सुरू झालं त्याच आठवड्यात दोघांचे कागद एका पिशवीत घालून सेनगावला तहसीलीत जावं.